वीणेचा जोड, काठाची पट्टी आणि ग्राहकाचा हक्क

तंजावरला बृहदीश्वराचे मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला जाणारी मराठी कुटुंबे कधी कधी परतताना वीणा घेऊन येतात. घरात कोणी कर्नाटक संगीत शिकत असते, किंवा गुरूंनी सांगितलेले असते की वाद्य घ्यायचे तर तंजावरचेच घ्या. वीणा घरी येते, पावसाळा सरतो, कोरडी हवा सुरू होते आणि एक दिवस काठावरची पांढरी पट्टी एका टोकाला उचललेली दिसते. कधी तबलीच्या कडेला केसासारखी रेघ उमटते. कधी एखादा पडदा दाबला की स्वर भिणभिणतो. हा वाद्याचा दोष आहे की हवेचा परिणाम? दुरुस्ती कोणी करायची आणि खर्च कोणी सोसायचा? अकूस्टिक गिटार घेणाऱ्यांनाही नेमके हेच प्रश्न पडतात, कारण तिच्याही काठावर अशीच पट्टी बसवलेली असते.

कारखान्यात बनलेल्या गिटारीबरोबर निदान हमीचे छापील कार्ड येते. हाताने घडवलेल्या वीणेबरोबर बहुधा साधी पावती येते, तीही मागितली तर. म्हणून वीणेची हमी खरेदीच्या वेळीच लिहून घ्यावी लागते. आणि काय लिहून घ्यायचे हे कळायला वीणा कशी बनते ते थोडेतरी माहीत हवे.

वीणेची बांधणी

तंजावर वीणेचे आजचे 24 पडद्यांचे रूप सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नायक राजा रघुनाथ याच्या काळात पक्के झाले, असे परंपरा सांगते. पुढे एकोजी भोसल्यांनी तेथे मराठी राज्य स्थापन केले आणि ते 1855 पर्यंत टिकले. या घराण्यातील तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. राजाश्रय गेला तरी वीणा घडवणारी घराणी राहिली. 2013 साली तंजावर वीणेला भौगोलिक मानांकन मिळाले. ग्राहकाच्या दृष्टीने या मानांकनाला व्यावहारिक अर्थ आहे. ‘तंजावर वीणा’ हे शब्द पावतीवर आले की ते मालाचे वर्णन ठरते, आणि माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे.

वीणा फणसाच्या लाकडाची असते. हे लाकूड बरेचसे कडलूर जिल्ह्यातील पणरुटीच्या परिसरातून येते. ओंडका कोरून गोल पोट तयार करतात, त्याला तिथले कारागीर कुडम म्हणतात. त्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसते. पुढे पोकळ दांडी आणि टोकाला याळी या पौराणिक प्राण्याचे मुख. कुडम, दांडी आणि मुख एकाच ओंडक्यातून कोरले तर ती ‘एकांड’ वीणा. वेगवेगळे भाग घडवून सांधले तर ती जोडाची वीणा. एकांड वीणेला मोठा, निर्दोष ओंडका लागतो, म्हणून ती महाग असते. जोडाची वीणा वाईट असते असे मुळीच नाही. सुक्या लाकडाचा घट्ट बसलेला जोड पिढ्यान् पिढ्या टिकतो. मात्र जोडाची वीणा एकांड म्हणून विकली, तर ती सरळ फसवणूक आहे.

काठाची पट्टी जिथे तबली आणि कुडम भेटतात तिथे, तसेच दांडीच्या कडांवर बसते. ती शोभेची असतेच, शिवाय ती सांध्याची रेघ झाकते आणि लाकडाची उघडी कड ठेचकाळण्यापासून वाचवते. पूर्वी ती हस्तिदंताची किंवा हरणाच्या शिंगाची असे, आता प्लास्टिकची असते. गिटारच्या काठाचेही तेच. जुन्या गिटारींना कचकड्याची पट्टी असे, आता बहुतेकांना प्लास्टिकची किंवा लाकडाची असते.

तिसरी गोष्ट मेणाची. वीणेचे 24 धातूचे पडदे दांडीत ठोकलेले नसतात. दांडीच्या दोन्ही कडांवर काळी पूड मिसळलेल्या मेणाचे बांध घालतात आणि त्यांत कानाने स्वर जुळवत एकेक पडदा बसवतात. या कामाला मेळम म्हणतात, आणि ते करणारे कान दुर्मीळ आहेत.

जोड, पट्टी आणि मेण हे तीन भाग मनात वेगळे ठेवा. जोड उघडणे हा बांधणीतला दोष आहे. पट्टी उचलणे हा दोष असू शकतो किंवा हवेचा परिणामही. मेण मात्र झिजणारच. वाजवणे आणि हवामान यांनुसार काही वर्षांनी मेळम नव्याने करावे लागते, आणि तो मालकाचा खर्च आहे. हे तीन एकत्र कालवले की ग्राहक कारागिराकडे भलती मागणी करतो, किंवा आपला खरा हक्क सोडून देतो.

पट्टी का सुटते, जोड का उघडतो

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. तसे करताना ते रेषांच्या आडवे फुगते-आकसते, लांबीत फारसे बदलत नाही. कावेरीच्या दमट खोऱ्यात बनलेली वीणा विदर्भाच्या उन्हाळ्यात किंवा वातानुकूलित खोलीत आली की लाकूड आकसते. प्लास्टिकची पट्टी त्याच प्रमाणात आकसत नाही. दोघांतला गोंद ताण सहन करेपर्यंत धरून ठेवतो, मग सोडतो. लाकूड घडवण्याआधी पुरेसे सुकवलेले नसेल, तर हे पहिल्याच वर्षी घडते. म्हणून सहा-आठ महिन्यांत पट्टी अनेक ठिकाणी उचलली, किंवा पट्टीबरोबर तिच्याखालची रेघही उघडली, तर संशय ओल्या लाकडावर घ्यावा. चार-पाच वर्षांनी एकाच टोकाला दोन बोटे पट्टी सुटली, तर ती नेहमीची देखभाल समजावी.

गिटारीत याच्या उलटही घडते. कचकड्याची जुनी पट्टी वयानुसार स्वतःच आकसते. गिटारीची कंबर आत वळते तिथे ती ताणली जाते आणि लाकडापासून सुटून सरळ रेषेत येऊ पाहते. कंबरेपाशी फट आणि बाकी सर्व ठीक, असे दिसले तर बहुधा हेच कारण असते. यात गिटारीच्या लाकडाला धोका नसतो, पण पट्टी वेळेत बसवली नाही तर ती तुटते.

घेण्यापूर्वीची पाहणी

वाद्य दिवसाच्या उजेडात पाहा. मोबाइलचा दिवा काठाला समांतर धरून फिरवा. तिरक्या प्रकाशात उंचसखल पट्टी, भरलेली फट आणि वॉर्निशखालचा लांबी-मसाला लगेच दिसतो. मग नख पट्टीच्या दोन्ही बाजूंनी हळू फिरवा. नख कुठे अडता कामा नये. शंका आली तिथे पातळ कागदाचा कपटा सरकवून पाहा. कागद आत गेला तर फट आहे.

एकांड म्हणून सांगितलेली वीणा उलटी धरून कुडमापासून दांडीपर्यंत लाकडाच्या रेषांचा डोळ्यांनी माग काढत जा. रेषा अखंड वाहत गेल्या पाहिजेत. नेमक्या सांध्याच्या जागी जाड रंग किंवा नक्षीची रुंद पट्टी असेल तर विचारा. शक्य असेल तर पॉलिश होण्याआधीच वीणा पाहायला जा. चांगला कारागीर यात अपमान मानत नाही.

फणसाचा गाभा पिवळा असतो आणि वयानुसार तपकिरी होत जातो. तो टिकाऊ असतो. बाहेरचे फिकट, पांढुरके लाकूड किड्यांना आवडते. टाचणीएवढी भोके आणि त्यांतून पडणारा पिठासारखा भुसा दिसला, तर ती वीणा घेऊ नका.

यानंतर कानाची परीक्षा. बोटाच्या पेराने कुडमावर ठिकठिकाणी ठोका. सुटलेली पट्टी किंवा सैल तबली खरखरीत, फुटका आवाज देते. मुख्य चार आणि तालाच्या तीन अशा सातही तारा सुरात लावून घ्या. मुख्य चार तारांवर प्रत्येक पडदा वाजवा. 24 पडदे म्हणजे दोन सप्तके, तेव्हा बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात यायला हवा आणि चोविसाव्यावर त्याच्याही वरच्या सप्तकात. स्वर मोजणारे साधे अॅप ही तपासणी पाच मिनिटांत करून देते. गिटारीवरही बारावा पडदा असाच तपासतात.

पाहणी नीट करण्याला कायदेशीर कारणही आहे. 1930 च्या माल विक्री कायद्यानुसार खरेदीपूर्वी तुम्ही माल तपासला असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवा होता असा दोष नंतर पुढे करणे अवघड जाते. छुप्या दोषाबद्दलचा हक्क मात्र शाबूत राहतो. ओले लाकूड, पट्टीखाली झाकलेला जोड, रंगाखालची भरलेली चीर हे सगळे छुपे दोष आहेत.

दुरुस्ती: घरी काय करावे, काय टाळावे

जोड उघडलेला दिसला तर सर्वप्रथम तारांचा ताण कमी करा. एक तार पूर्ण सोडून मग दुसरी असे करू नका, सगळ्या थोड्या थोड्या सैल करत जा. त्याआधी घोडीची जागा पेन्सिलच्या खुणेने टिपून ठेवा, कारण ताण गेला की ती सरकू शकते. पट्टीचा तुकडा निघाला असेल तर तो जपून ठेवा. जुना तुकडा परत बसवला की रंग जुळतो.

झटपट चिकटणारा गोंद फटीत ओतू नका. तो लाकडात झिरपून कडक होतो, वॉर्निशवर डाग पाडतो आणि पुढच्या कारागिराला जोड स्वच्छ करणे अशक्य करून ठेवतो. पट्टीला केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा देऊ नका. वीणेचे मेण वितळून पडदे हलतात, आणि जुनी कचकड्याची पट्टी तर अत्यंत ज्वलनशील असते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वीणा ठेवण्याचाही हाच परिणाम होतो.

जाणता कारागीर पट्टी सुटलेल्या जागेपासून पुढे, जिथे ती घट्ट आहे तिथवर अलगद मोकळी करतो. खाचेतला जुना गोंद खरवडतो, नवा लावतो, काठाभोवती दोरी किंवा कापडी फीत आवळून ती पूर्ण सुकू देतो, मग कड तासून पॉलिश करतो. आकसलेली पट्टी ताणून बसवली तर पुन्हा सुटते. म्हणून ती शेवटच्या टोकापर्यंत मोकळी करून नव्याने बसवायची आणि टोकाला राहणारी छोटी फट त्याच रंगाच्या तुकड्याने भरायची, ही योग्य रीत. उघडलेल्या जोडात फट रुंद असेल तर त्याच जातीच्या लाकडाची पाचर बसवायला सांगा. लांबीने भरलेली फट पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते.

महाराष्ट्रात असाल तर पट्टी आणि जोडाच्या कामासाठी मिरज जवळ आहे. तेथील सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि काठावरची पट्टी, भोपळा आणि तबलीचे सांधे यांत तेथील कारागिरांचे हात तयार आहेत. मेळमसाठी मात्र वीणेचाच जाणकार हवा. गुरूंना विचारा. दक्षिणेकडून असे कारागीर मोठ्या शहरांत फेरीवर येतात तेव्हा एकत्र काम करून घेणे सोयीचे पडते.

दुरुस्ती ही कायद्याच्या भाषेत ‘सेवा’ आहे. पट्टी बसवताना तबलीला चीर पाडली, किंवा महिन्याभरात पट्टी पुन्हा सुटली, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. म्हणून दुरुस्तीचीही पावती घ्या, आणि वाद्य देण्याआधी सर्व बाजूंचे फोटो काढा.

घरात हस्तिदंताची जुनी वीणा असेल तर

आजी-आजोबांची वीणा दुरुस्तीला काढताना तिच्या काठावर हस्तिदंत आहे का ते आधी जाणकाराकडून पाहून घ्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1986 आणि 1991 मध्ये झालेल्या सुधारणांनंतर देशात हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद आहे. अशी वस्तू विकता येत नाही, बाळगण्यासाठी मालकीच्या प्रमाणपत्राची अट आहे, आणि परदेशी नेताना ती जप्त होऊ शकते. कोणी नवा हस्तिदंती तुकडा बसवून देतो म्हणाला तर स्पष्ट नकार द्या. तुटलेल्या जागी प्लास्टिक किंवा हाडाच्या रंगाचे लाकूड बसवणे हाच मार्ग आहे. कागदपत्रांबाबत शंका असेल तर वन विभागाकडे चौकशी करा.

कायदा तुम्हाला काय देतो

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता किंवा दर्जा यांत कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याने जे अपेक्षित आहे त्यात कमतरता असली, तर तो दोष. ‘एकांड आहे’, ‘सुकवलेले लाकूड आहे’ हे विक्रेत्याचे बोलणे म्हणजे दावाच. फक्त तो सिद्ध करता आला पाहिजे. हमीपत्र नाही म्हणून हक्क नाही, असे होत नाही.

पावती न देणे ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, हीसुद्धा. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा पावतीवरचा शिक्का सदोष मालाच्या बाबतीत विक्रेत्याला वाचवत नाही.

पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. पण स्वतः वाजवून किंवा शिकवून पोट भरणारा कलावंत स्वयंरोजगारासाठी वाद्य घेतो, त्याला या कायद्याचे संरक्षण आहे.

ऑनलाइन खरेदीसाठी 2020 चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

गिटारीच्या हमी कार्डात दोन गोष्टी शोधा: हमी फक्त मूळ खरेदीदारालाच आहे का, आणि हवेतील आर्द्रतेमुळे झालेले नुकसान वगळले आहे का. बहुतेक कार्डांत दोन्ही असतात. जुनी गिटार घेणाऱ्याला म्हणून कंपनीची हमी सहसा मिळत नाही. आर्द्रतेची अट पाळल्याचे दाखवायला खोक्यात छोटे आर्द्रतामापक ठेवा. लाकडी गिटारीसाठी साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता योग्य मानतात.

पावतीवर काय लिहून घ्यावे

आगाऊ रक्कम देतानाच ही माहिती लिहून, दोघांच्या सह्यांनी घ्या:

• वाद्याचे पूर्ण वर्णन: तंजावर वीणा, एकांड की जोडाची, लाकूड फणसाचे, पट्टी कशाची, पडदे किती.
• एकूण किंमत, आगाऊ रक्कम, तयार करून देण्याची तारीख.
• जोड किंवा तबली उघडली, लाकडाला चीर गेली, किडे निघाले तर किती काळापर्यंत विनामूल्य दुरुस्ती किंवा बदल. एक वर्ष मागणे वाजवी आहे, कारण त्यात तिन्ही ऋतू येऊन जातात.
• पट्टी सुटल्यास किती काळापर्यंत विनामूल्य, आणि वाद्य नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा.
• मेळम आणि तारा हमीत नाहीत, हेही स्पष्ट लिहा. कारागिरालाही संरक्षण हवे.
• वाहतुकीतल्या मोडतोडीची जबाबदारी कोणाची.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. माल विक्री कायद्यानुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हाती दिला की सामान्यतः तो तुम्हाला पोहोचला असे धरतात. ‘घरपोच सुस्थितीत देणे’ असे लिहून घेतले असेल तर ही जोखीम विक्रेत्याकडे राहते. वाहतुकीचा विमा काढा. खोका उघडताना सलग व्हिडिओ घ्या. ट्रकने आलेल्या मालाचे नुकसान झाले तर 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत वाहतूकदाराला लेखी सूचना द्यावी लागते.

तक्रार कशी करावी

आधी कारागिराला फोन करा, फोटो पाठवा आणि मग तेच पत्राने किंवा ई-मेलने कळवा. दोष कधी दिसला, वाद्य कुठे ठेवले होते, तुम्हाला काय हवे आहे, हे नेमके लिहा: दुरुस्ती, बदल की पैसे परत. पंधरा दिवसांची मुदत द्या. बरीचशी प्रकरणे इथेच मिटतात, कारण तंजावरच्या कारागिराला आपल्या नावाची किंमत ठाऊक असते. तोवर दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेऊ नका, नाहीतर पुरावा जातो.

उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने येथे मोठी सोय केली आहे: वीणा तंजावरला घेतली असली तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातील आयोगात तक्रार करता येते. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत मात्र पाळा: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

वीणेची चाचणी करणारी प्रयोगशाळा मिळणे कठीण, म्हणून वादाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या वाद्यकारागिराचे किंवा ज्येष्ठ वादकाचे लेखी मत जोडा. त्यात दोष कोणता, तो छुपा होता का आणि कशामुळे झाला हे असावे. आयोग दोष दूर करण्याचा, वाद्य बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. मध्यस्थीचा मार्गही कायद्यात आहे, आणि कारागीर व कलावंत यांच्यातल्या वादाला तो विशेष योग्य आहे, कारण ही वीणा मेळमसाठी पुन्हा त्याच हातांकडे न्यावी लागणार असते.

किंमत पाडण्यासाठी घासाघीस करण्यापेक्षा सुकलेल्या लाकडाचा आग्रह धरा आणि त्यासाठी थांबायची तयारी ठेवा. ओंडका नीट सुकवायला कारागिराला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. गिऱ्हाईक घाई करते तेव्हाच ओले लाकूड हत्याराखाली जाते. योग्य भाव, पुरेसा अवधी आणि स्पष्ट पावती या तिन्हींवर ठाम राहणारा ग्राहक स्वतःचे हित तर सांभाळतोच, शिवाय लाकूड सुकेपर्यंत थांबणाऱ्या प्रामाणिक कारागिराचा धंदाही टिकवतो.